दोनदा चाललेलं बिल आणि हॅस्केलची सुरुवात

ठाण्यात पाचपाखाडीला आमची ५६ सदनिकांची सोसायटी आहे. ए आणि बी अशा दोन विंग, प्रत्येकी २८ घरं. गेल्या वर्षी जुलैची मेंटेनन्सची बिलं वाटली गेली तेव्हा ए विंगमधलं प्रत्येक बिल बरोबर होतं आणि बी विंगमधलं प्रत्येक बिल चुकीचं. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन विंगांची जुंपली. ज्या घरांनी कधी एक महिनाही थकवला नव्हता, त्यांच्या बिलावर ३,४५० रुपये थकबाकी आणि वर ६० रुपये ३८ पैसे व्याज छापून आलं होतं. सातव्या मजल्यावरच्या एका घराला १५,६६० रुपयांच्या जागी १९,३८४ रुपये ५ पैसे.

बिलं काढणारा प्रोग्राम माझ्या भाचीने लिहिलेला. ती याच सोसायटीत राहते, तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. आधीचे खजिनदार सोडून गेले आणि नवे खजिनदार आले, तेव्हा तिने आपणहून पायथन या प्रोग्रामिंग भाषेत तो लिहून दिला होता आणि आठ महिने तो बिनतक्रार चालला होता. कमिटीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "पोरीच्या हातात सोसायटीचे पैसे दिलेत, मग असंच होणार." ते तिला फार लागलं. त्या रात्री आम्ही दोघं तलावपाळीला चक्कर मारायला गेलो, तर पूर्ण फेरी होईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

मी महापेला एका कंपनीत काम करतो. रोजचं काम स्काला या प्रोग्रामिंग भाषेत, मोठाल्या नोंदींचे हिशेब लावायचं. म्हणून ती माझ्याकडे आली, आणि म्हणून हे प्रकरण लिहायला माझ्याकडे आलं. फंक्शनल प्रोग्रामिंग, म्हणजे साठवलेला आकडा न बदलता फंक्शनांनी (दिलेल्या माहितीवरून उत्तर काढणाऱ्या छोट्या तुकड्यांनी) नवा आकडा काढायची पद्धत, शिकू पाहणाऱ्या मुलामुलींना मी गेली काही वर्षं मदत करतो. बहुतेकजण तिसऱ्या आठवड्यात सोडतात. ही टिकली. का टिकली, ते मला नीट नोंदवून ठेवायचं आहे.

चूक कुठे होती

प्रोग्राम सदनिकांची यादी फाईलमधून वाचायचा, प्रत्येक घराच्या शिल्लक, म्हणजे येणं राहिलेल्या, रकमेवर महिन्याचं व्याज काढायचा, त्यात चालू महिन्याचं बिल मिळवायचा, नवी शिल्लक त्याच फाईलमध्ये लिहायचा आणि मग छपाईला सुरुवात करायचा. त्या दिवशी ए विंगची २८ बिलं नीट छापून झाली. बी विंगच्या पहिल्याच कागदाला प्रिंटर अडकला. भाचीने कागद काढला, प्रोग्राम पुन्हा चालवला आणि २९व्या बिलापासून छपाई केली.

पण शिल्लक तोवर बदललेली होती. सातव्या मजल्यावरच्या त्या घराकडे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची १२,००० रुपये वर्गणी राहिली होती. आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के सरळव्याज लावता येतं, आमच्या सर्वसाधारण सभेने तोच दर ठेवलेला आहे. म्हणजे महिन्याला पावणेदोन टक्के, २१० रुपये. १२,००० अधिक २१० अधिक ३,४५० म्हणजे १५,६६०. दुसऱ्यांदा प्रोग्राम चालला तेव्हा त्याच्या दृष्टीने थकबाकी १५,६६० होती. त्यावर २७४ रुपये ५ पैसे व्याज, वर पुन्हा ३,४५०.

सगळा घोटाळा एका ओळीत मावत होता: शिल्लक = शिल्लक + व्याज + बिल. प्रोग्रामिंग शिकताना पहिल्याच आठवड्यात अशी ओळ आपल्या अंगवळणी पडते. शाळेच्या गणिताच्या वहीत ही ओळ लिहिली असती तर बाईंनी लाल शाईने खोडली असती, कारण डावी आणि उजवी बाजू समान होऊच शकत नाही. प्रोग्राममध्ये तिचा अर्थ असतो, आधीचा आकडा पुसून त्या जागी नवा लिही. जॉन बॅकस यांनी १९७७ साली संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना नेमकी याच पुसण्यालिहिण्याबद्दल तक्रार केली होती. ज्यांनी १९५७ मध्ये फोरट्रान ही प्रोग्रामिंग भाषा उभी केली, त्याच माणसाने वीस वर्षांनी म्हणावं की आपल्या भाषा एकेक आकडा उचलून ठेवण्यातच अडकल्या आहेत, याला वजन आहे.

दुसरी अडचण जास्त गंभीर होती. जुनी शिल्लक कुठेच उरली नव्हती. फाईल एकच, आणि ती वर लिहून टाकलेली.

खजिनदार काका

आमचे नवे खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना काकाच म्हणतात. प्रोग्राम आल्यावरही त्यांनी हाताने लिहिलेलं पुस्तक बंद केलं नव्हतं, आणि त्याच पुस्तकावरून आम्ही तिघांनी दोन संध्याकाळी बसून जूनअखेरच्या ५६ शिलकी पुन्हा उभ्या केल्या.

त्या बसण्यात आणखी एक चूक सापडली. चार घरांची थकबाकी पुस्तकापेक्षा फाईलमध्ये थोडी जास्त निघत होती. कारण उघड होतं. व्याज शिलकीत मिसळलं की पुढच्या महिन्यात व्याजावर व्याज लागतं. उपविधी सांगतात सरळव्याज, प्रोग्राम लावत होता चक्रवाढ. १०,००० रुपये वर्षभर थकले तर सरळव्याज २,१०० होतं, दरमहा चक्रवाढीने ते २,३१४ रुपयांवर जातं. आमच्या चार घरांचे फरक याहून बरेच लहान होते, पण ते आठ महिने कुणाच्याही लक्षात आले नव्हते. मुद्दल आणि व्याज एकाच आकड्यात विरघळले की तो आकडा कसा तयार झाला हे कुणालाच सांगता येत नाही.

काकांनी भाचीला रागावलं नाही. पुस्तकाचं पान तिच्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "हे बघ बाळा, कीर्दीत खाडाखोड करायची नसते. चुकीची नोंद झाली तरी ती तशीच ठेवायची, खाली उलटी नोंद टाकायची. शिल्लक ही लिहायची गोष्टच नाही, ती नोंदींवरून काढायची."

मी खुर्चीत सरळ बसलो. फंक्शनल प्रोग्रामिंगची पहिली दोन तत्त्वं त्यांनी एका दमात सांगितली होती. नोंद बदलायची नाही. आणि हवा तो आकडा नोंदींवरून प्रत्येक वेळी नव्याने काढायचा, म्हणजे तो कितीदाही काढला तरी तोच येईल.

प्रोग्राम येण्याआधी बिलं एक्सेलमध्ये होत असत. दर महिन्याला नवं शीट, त्यातली सूत्रं मागच्या शीटकडे बोट दाखवणारी. एका चौकोनातलं सूत्र दुसऱ्या चौकोनात जाऊन काही बदलत नाही, आणि शंभर वेळा हिशेब पुन्हा लावला तरी उत्तर हलत नाही. ते प्रोग्रामिंग फंक्शनलच आहे. हॅस्केल या फंक्शनल भाषेच्या प्रमुख घडवणाऱ्यांपैकी एक, सायमन पेटन जोन्स, मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात असताना एक्सेलवरही काम करत होते, आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये एक्सेलमध्ये 'लॅम्बडा' जाहीर झालं, म्हणजे वापरणाऱ्याला सूत्रांतूनच स्वतःचं फंक्शन बनवता येऊ लागलं. लॅम्बडा हे नाव अलोंझो चर्च यांच्या १९३०च्या दशकातल्या लॅम्बडा कॅल्क्युलस या फंक्शनांच्या गणिताचं. तेव्हा आजच्या अर्थाने संगणक अस्तित्वातच नव्हता.

थोडक्यात, भाचीने एक्सेलमधली शिस्त काढून टाकून पायथनमध्ये बेशिस्त आणली होती. ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि याबद्दल माझा राग आमच्या अभ्यासक्रमांवर आहे, तिच्यावर नाही.

कोणती भाषा

तिला त्याआधीच हॅस्केल शिकायचं होतं. दोनदा सुरू करून सोडलं होतं. दोन्ही वेळा 'मोनॅड म्हणजे काय' या प्रश्नावर अडकली (मोनॅड म्हणजे हॅस्केलमध्ये एकापुढे एक पायऱ्या जोडायची रचना, फाईल वाचणं-छापणंही तिच्यावरच चालतं), एकामागून एक व्हिडिओ बघितले, प्रत्येकात वेगळी उपमा, आणि शेवटी आपल्यालाच डोकं कमी असं ठरवून मोकळी झाली.

आम्ही पर्याय एकेक करून बोललो. स्काला मी रोज वापरतो, पण नवशिक्याला मी ती देत नाही, कारण तिच्यात जुन्या सवयीनेही लिहिता येतं आणि माणूस नकळत तेच करतो. क्लोजर आणि रॅकेट या भाषा लिस्प या जुन्या भाषेच्या घराण्यातल्या. लिस्प जॉन मॅकार्थी यांची, १९५८ची. रॅकेट शिकवण्यासाठी फार छान आहे, पण तिला टाईप हवे होते, म्हणजे कुठे कोणत्या प्रकारची माहिती चालेल हे आधीच सांगणारे नियम. चुकीची गोष्ट चालवण्याआधीच अडवणारं कुणीतरी हवं होतं. एलिक्सिर ही भाषा चालते अर्लांग या भाषेच्या यंत्रावर. अर्लांग १९८०च्या दशकात एरिक्सनमध्ये टेलिफोन एक्सचेंजसाठी जन्माला आली, आणि व्हॉट्सॲपचे सर्व्हर बहुतांशी तिच्यातच लिहिलेले आहेत. ज्या ग्रुपवर तिच्या बिलांवरून भांडण झालं, तो ग्रुपही फंक्शनल भाषेच्या जोरावर चालतो हे ऐकून ती त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली. पण तिला सर्व्हर उभारायचा नव्हता, हिशेब बरोबर यायला हवा होता.

ओकॅमल ही आणखी एक फंक्शनल भाषा माझ्या मते हॅस्केलइतकीच योग्य होती. शेवटी हॅस्केल ठरली ती दोन कारणांनी. एक, ती पळवाट देत नाही. पायथनमध्ये मनात आलं की यादी बदलता येते. हॅस्केलमध्ये तसं करायला बसलं की ते इतकं अवघड जातं की आपण दुसरा विचार करतोच. दुसरं, एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या साइटवर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद यांचा हॅस्केलचा अभ्यासक्रम आहे, फुकट आहे, आणि त्यात घाई नाही.

मी एकच अट घातली. मोनॅड हा शब्द महिनाभर काढायचा नाही. फाईल वाचायला आणि छापायला 'डू' लिहायचं, ते चालतं एवढं मानायचं, आणि सगळा वेळ बिलाच्या हिशेबाला द्यायचा.

रविवारच्या बैठका

पहिला रविवार जीएचसीअप या साधनाने हॅस्केलचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम तपासून चालवण्याजोगा करणारा प्रोग्राम, बसवण्यात गेला. डाउनलोड मोठं, लॅपटॉप जुना. हे सांगतो कारण कित्येक जण इथेच सोडतात, आणि त्यात त्यांची काही चूक नसते.

दुसऱ्या रविवारी आम्ही काकांच्या घरी बसलो. मी कागदावर दोन ओळी लिहिल्या:

शिल्लक [] = ०
शिल्लक (नोंद : उरलेल्या) = रक्कम नोंद + शिल्लक उरलेल्या

रिकाम्या खात्याची शिल्लक शून्य. नोंदी असतील तर पहिल्या नोंदीची रक्कम अधिक उरलेल्यांची शिल्लक. काका चष्मा वर करून म्हणाले, "बरोबर आहे की." भाचीला मात्र बराच वेळ लागला. ती विचारत राहिली, "मामा, पण लूप कुठे आहे? हे थांबतं कधी?" काकांनी कधी लूप, म्हणजे तेच काम फिरून फिरून करायला सांगणारा तुकडा, लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्यांना लूपची उणीव भासलीच नाही. ज्याला आधी प्रोग्रामिंग येतं त्याला इथे जास्त त्रास होतो, हे मी अनेकदा पाहिलंय. नवं समजायला वेळ लागत नाही, जुनं बाजूला ठेवायला लागतो.

मग तिने हीच घडण तीन ठिकाणी लिहिली: शिलकीसाठी, एकूण पावत्यांसाठी, पाण्याच्या नळांच्या बेरजेसाठी. तिसऱ्यांदा लिहिताना स्वतःच थांबली. "तिन्ही सारखंच आहे. फक्त मधलं काम वेगळं." तेव्हा मी तिला फोल्ड सांगितलं, म्हणजे यादीतली एकेक गोष्ट एकाच उत्तरात मिळवत जाणारं तयार फंक्शन. आधी सांगितलं असतं तर ते आणखी एक पाठ करायचं नाव झालं असतं. मॅप (यादीतल्या प्रत्येकावर तेच काम) आणि फिल्टर (हवं तेवढंच निवडणं) तिला पायथनमधून माहीत होते, पण ते एकाच घरचे आहेत हे तिला त्या दुपारी कळलं.

तिसरा आठवडा वाईट गेला. बिलाचा आकडा चुकत होता आणि तिला सवयीप्रमाणे मध्येच एक प्रिंट टाकून बघायचं होतं. कंपायलर ऐकेना. हॅस्केलमध्ये फंक्शन बाहेरच्या जगाला हात लावणार असेल, म्हणजे छापणार, फाईल वाचणार, घड्याळ बघणार असेल, तर ते त्याच्या टाईपमध्येच लिहावं लागतं. हिशेबाच्या फंक्शनच्या टाईपमध्ये ते नव्हतं, म्हणून छपाई नाही. डीबग.ट्रेस नावाची सोय आहे, पण ती मी मुद्दाम सांगितली नाही. त्याऐवजी तिला जीएचसीआय, म्हणजे एकेक ओळ टाकून लगेच उत्तर दाखवणारी हॅस्केलची खिडकी, उघडायला लावलं आणि बिलाचा एकेक तुकडा स्वतंत्र चालवून बघायला सांगितलं. सेवा शुल्क सगळ्यांना सारखं. पाणी नळांच्या संख्येप्रमाणे. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड सदनिकेच्या बांधकाम खर्चावर, वर्षाला ०.७५ आणि ०.२५ टक्के. प्रत्येकाचं वेगळं छोटं फंक्शन. चूक दहा मिनिटांत सापडली, वार्षिक टक्का बाराने भागायचा राहिला होता. जुन्या प्रोग्राममध्ये हे सगळे हिशेब एका दोनशे ओळींच्या लूपमध्ये कालवलेले होते, तिथून एक तुकडा वेगळा काढून तपासणं शक्यच नव्हतं.

त्याच आठवड्यात देवनागरीनेही छळलं. सभासदांची नावं मराठीत, आणि 'प्रिंट' केलं की नावाच्या जागी तिरक्या रेघा आणि आकडे. 'अ'च्या जागी २३०९. तिला वाटलं हॅस्केलला मराठी येत नाही. तसं नाही. 'प्रिंट' आधी 'शो' करतं, आणि 'शो' अशा अक्षरांचे युनिकोड क्रमांक दाखवतं. 'पुटस्ट्रलाइन' वापरलं की नाव सरळ येतं. विंडोजच्या कमांडच्या खिडकीत त्याआधी यूटीएफ-८ ही अक्षरं साठवण्याची पद्धत चालू करावी लागते ते वेगळंच. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला ही ठेच लागणार, म्हणून इथे लिहून ठेवतो.

भाषेने फाईल पुसू दिली नाही

या प्रकरणातला माझा आवडता प्रसंग चौथ्या आठवड्यातला आहे. हिशेब जमला होता. तिने सवयीने शेवटी तेच केलं, नोंदींची फाईल वाचली, हिशेब लावला, आणि त्याच नावाच्या फाईलमध्ये लिहायला गेली. प्रोग्राम मेला. निरोप असा की फाईल वापरात आहे, तिला कुलूप आहे.

कारण हॅस्केलचा आळस. मूल्य लागेपर्यंत ती काढतच नाही. 'रीडफाईल' म्हटल्यावर फाईल उघडते, पण मजकूर जसा लागेल तसा वाचला जातो. लिहायची वेळ आली तेव्हा वाचन संपलेलंच नव्हतं. या आळसाचे तोटेही आहेत, मोठ्या यादीवर साधा 'फोल्डएल' (डावीकडून चालणारा फोल्ड) लावला तर न सोडवलेल्या बेरजांचा ढीग मेमरीत साठतो, आणि हे नवशिक्याला सुचणं अवघड आहे. फाईलच्या बाबतीतही सगळा मजकूर आधी सक्तीने वाचून घेण्याचा उपाय आहे, आणि ती तोच शोधत होती.

मी विचारलं, "पण तुला त्याच फाईलवर का लिहायचंय?"

ती गप्प झाली. मग तिने काकांच्या पुस्तकासारखी रचना केली. नोंदींची फाईल एकच, तिच्यात फक्त शेवटी भर पडते. दर महिन्याची बिलं वेगळ्या, त्या महिन्याच्या नावाच्या फाईलमध्ये. बिल दहा वेळा काढलं तरी दहाही वेळा तीच फाईल तशीच तयार होते. प्रिंटर अडकला तर अडकू दे.

भाडेकरू, नातेवाईक, मालक

घरात मालकाऐवजी भाडेकरू राहत असेल तर बिनभोगवटा शुल्क लागतं, सेवा शुल्काच्या जास्तीत जास्त दहा टक्के. जवळचे नातेवाईक राहत असतील तर लागत नाही. जुन्या प्रोग्राममध्ये यासाठी एक रकाना होता आणि त्यात 'भाडेकरू' असा शब्द टाईप करायचा. एका ओळीत उकार चुकून 'भाडेकरु' पडलं होतं. प्रोग्रामने ते घर मालकाचं धरलं. आठ महिने.

हॅस्केलमध्ये तिने राहणाऱ्याचा एक टाईप केला, त्याला तीनच रूपं: मालक, नातेवाईक, भाडेकरू. फाईलमधला शब्द या तिघांत बसला नाही तर त्या ओळीचं बिल होत नाही, ओळ क्रमांकासह तक्रार येते. पुढे कमिटीने बंद घरांचा वेगळा विचार करायचं ठरवलं आणि तिने चौथं रूप टाकलं, तेव्हा कंपायलरने ज्या दोन फंक्शनांत या चौथ्याचं काय करायचं ते लिहिलं नव्हतं ती दोन्ही दाखवून दिली. त्यासाठी इशारे चालू ठेवावे लागतात, आपोआप येत नाहीत. माझ्या मते फंक्शनल भाषांकडून रोजच्या कामाला मिळणारी सगळ्यात मोठी देणगी ही आहे, आणि हिच्याबद्दल मोनॅडच्या दहाव्या हिश्श्याइतकंही बोललं जात नाही.

क्विकचेकने आम्हाला आणखी एक गोष्ट दाखवली. हे प्रोग्राम तपासायचं साधन कुन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांचं, २००० सालचं. आपण उदाहरणं द्यायची नाहीत, नियम सांगायचा, आणि ते स्वतः शंभर वेगवेगळी उदाहरणं बनवून नियम मोडायचा प्रयत्न करतं. भाचीने नियम लिहिला, सगळ्या घरांच्या सेवा शुल्काची बेरीज एकूण खर्चाइतकी असली पाहिजे. नियम ताबडतोब मोडला, आणि उदाहरण आलं ते खर्च एक रुपया. एक रुपया ५६ घरांत वाटून जवळच्या रुपयाला आणला की प्रत्येकाच्या वाट्याला शून्य.

खऱ्या आकड्यांतही तेच होत होतं. लाखभर रुपये ५६ने भागले तर १,७८५ रुपये ७१ पैसे, पूर्णांकात १,७८६, आणि ५६ घरांचे मिळून १,००,०१६. सोळा रुपये जास्त गोळा होतात. काकांना याचं आश्चर्य वाटलं नाही. "त्याला राउंड-ऑफचं खातं असतं," म्हणाले. मग नियम सुधारला: फरक जास्तीत जास्त २८ रुपये, कारण प्रत्येक घरामागे अर्ध्या रुपयापेक्षा जास्त चूक होऊ शकत नाही. हा नियम मोडला नाही.

याच्या जोडीला पन्नास पैशांचा प्रश्न आला. हॅस्केलचं 'राउंड' नेमक्या अर्ध्याला जवळच्या सम संख्येकडे नेतं. अडीचचे दोन होतात, साडेतीनचे चार. पायथन ३ सुद्धा तसंच करतं. काकांचा नियम पन्नास पैसे झाले की वर. शेवटी तिने सगळ्या रकमा पैशांत, पूर्णांकात ठेवल्या आणि पूर्णांकात आणण्याचा नियम स्वतः लिहिला. अपूर्णांकांचा नेहमीचा घोळ, म्हणजे ०.१ अधिक ०.२ केल्यावर ०.३०००००००००००००००४ येणं, तोही त्यातच संपला.

परत पायथनकडे

ऑक्टोबरात कमिटीपुढे प्रश्न आला, आता बिलं कोणत्या प्रोग्रामने काढायची? भाचीला अर्थातच हॅस्केल हवी होती. मी विरोध केला, आणि काही दिवस ती माझ्यावर नाराज होती. पण वर्षभरात ती नोकरीला लागणार, खजिनदार बदलणार, आणि पाचपाखाडीत सोसायटीसाठी फुकट हॅस्केल दुरुस्त करणारा माणूस मिळणं कठीण. सोसायटीचं बिल हे तिच्या अभ्यासाहून मोठं आहे.

तिने पायथनचा प्रोग्राम नव्याने लिहिला, हॅस्केलच्या वळणाने. नोंदी न बदलणाऱ्या, हिशेबाची फंक्शनं बाहेर कशालाही हात न लावणारी, वाचणं आणि लिहिणं फक्त दोन टोकांना. जुना साडेचारशे ओळींचा होता, नवा तीनशेच्या आत आला. फक्त एका गोष्टीने दगा दिला. तिने शिल्लक हॅस्केलसारखीच स्वतःला बोलावणाऱ्या फंक्शनने काढली होती. एका घराच्या नोंदींवर ते छान चाललं, पण सगळ्या सोसायटीच्या वर्षभराच्या नोंदी एकत्र दिल्यावर कोलमडलं. ५६ घरांची बारा महिन्यांची बिलंच ६७२ होतात, वर पावत्या. पायथन साधारण हजार पायऱ्यांनंतर असं फंक्शन थांबवतं. तिने तिथे साधं लूप वापरलं. फंक्शनच्या आत, बाहेर कुणाला न दिसणारी बेरीज बदलत गेली तर काही बिघडत नाही, आणि हे मान्य करायला तिला थोडा वेळ लागला. नव्याने शिकलेला माणूस जरा कडवा असतो.

हॅस्केलचा प्रोग्राम तिने टाकला नाही. तीन महिने दोन्ही चालवले आणि बिलं शेजारी ठेवून जुळवली. पहिल्या महिन्यात दोन घरांत एकेका रुपयाचा फरक आला, तो पन्नास पैशांच्या नियमाचा, कारण पायथनमध्ये एका ठिकाणी जुनं 'राउंड' राहून गेलं होतं. पुढचे दोन महिने सगळी ५६ बिलं पैशापर्यंत जुळली.

जे सुटलं नाही तेही सांगतो. यूपीआयने पैसे आले आणि सदनिकेचा क्रमांक लिहिलेला नसेल, तर ते कोणाचे हे कोणत्याही भाषेला कळत नाही. एकच पावती दोनदा नोंदवली गेली तर बाहेर कशालाही हात न लावणारं शुद्ध फंक्शनही ती दोनदाच मोजणार. जानेवारीत तसं झालं. तेव्हा काकांनी मूळ ओळ तशीच ठेवून खाली उलटी नोंद टाकायला सांगितली, आणि त्या सभासदाला आपल्या खात्याचा पूर्ण उतारा, चूक आणि दुरुस्ती दोन्हींसकट, बघायला मिळाला. त्याने वाद घातला नाही.

चार घरांचं जास्त लागलेलं व्याज सप्टेंबरच्या बिलात परत गेलं, आणि 'भाडेकरु' झालेल्या घराकडून आठ महिन्यांचं शुल्क हप्त्यांनी वसूल झालं. भाची आता ठाण्याहून लोकलने घणसोलीला नोकरीला जाते. तिथलं काम जावा या भाषेत आहे. २०१४ साली आलेल्या जावा ८ पासून त्यातही लॅम्बडा आहेत, आणि ती ते भरपूर वापरते. मोनॅडचं प्रकरण तिने फेब्रुवारीत स्वतःहून उघडलं. त्या दिवशी रबाळ्यावरून तिचा फोन आला, "मामा, हे तर मी सहा महिने फाईल वाचताना वापरतेच आहे." काका सध्या एक्सेलचं लॅम्बडा शिकतायत आणि दर रविवारी तिच्यासाठी दोन-तीन शंका कागदावर लिहून ठेवतात.